सुईचे तीन खटके

पन्नाशी उलटलेल्या सरकारी नोकराने रविवारच्या सकाळी खेळण्यातले विमान काखोटीस मारून माळावर जावे, हे आमच्या घरच्या मंडळींना अद्यापि पटलेले नाही. कोलकात्यास असताना शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे कुतूहलमिश्रित औदासीन्य मी पाहिले, तेच शिलाँगला बदली झाल्यावरही पाहावयास मिळाले. तेव्हा हा दोष प्रांताचा नसून माझ्या वयाचाच असावा. विजेच्या मोटारीवर उडणारी विमाने आता जिकडेतिकडे झाली आहेत. बॅटरी जोडली, कळ दाबली की ती उडतात. मी मात्र इंजिनास चिकटून राहिलो आहे. कारण प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा त्यापूर्वी इंजिन जुळविण्यात जी दहा-पंधरा मिनिटे जातात, त्यांतच मला अधिक गोडी वाटते. आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत दर रविवारी एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहतो, जो पुढे इंजिनाचा म्हणून राहत नाही. आपल्या अंगी जेवढी शक्ती आहे तेवढी सर्वच्या सर्व कामास लावणे हे कर्तव्य, की तिच्यातील काही भाग जाणूनबुजून न वापरणे हेही कर्तव्यच?

प्रश्न समजावयाचा तर यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. माझे इंजिन जपानी बनावटीचे, मुठीत मावेल एवढे. निकोलाउस ओटो याने 1876 साली जे चार धावांचे चक्र प्रत्यक्षात चालवून दाखविले, तेच या चिमुकल्या इंजिनात चालते: मिश्रण आत ओढणे, दाबणे, पेटविणे आणि बाहेर टाकणे. हौशी मंडळींत टू-स्ट्रोक इंजिने फार पूर्वीपासून होती. फोर-स्ट्रोक इंजिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले ते ओसाकाच्या ओ. एस. कंपनीने, 1976 साली. पंख्याच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होत असल्यामुळे त्याचा आवाज किरटा नसतो; खऱ्या विमानासारखा भरदार आणि घुमणारा असतो. इंधन म्हणजे मेथॅनॉल. वंगणाची वेगळी सोय नाही; ते इंधनातच मिसळलेले असते, शेकडा वीसच्या आसपास, आणि आपल्याकडे ते बहुधा एरंडेलच असते. ज्यांच्या लहानपणीचे रविवार एरंडेलाने नासले, त्यांना त्याच तेलाच्या जळक्या वासाने उतारवयातला रविवार सुगंधी व्हावा यात काही काव्यगत न्याय आहे. ठिणगी पाडणारा प्लग येथे नसतो. प्लॅटिनमच्या तारेचे एक बारीक वेटोळे सुरुवातीस दीड व्होल्टच्या विजेने तापवावे लागते. एकदा इंजिन सुरू झाले की वीज काढून घ्यावयाची. पुढे मेथॅनॉलचा आणि प्लॅटिनमचा संयोगच ती तार धगधगती ठेवतो.

आता कार्ब्युरेटर. हा म्हणजे एक अरुंद गळा. त्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबामुळे टाकीतील इंधन आपोआप ओढले जाते. दानिएल बर्नूलीने 1738 साली आपल्या ग्रंथात सांगितलेले तत्त्व या करंगळीएवढ्या नळीत सुखाने नांदत असते. इंधन किती यावे हे ठरविते एक निमुळती सुई. ती फिरवू लागले म्हणजे बारीक खटके बोटांना जाणवतात. सुई आत घेतली की इंधन कमी होते, मिश्रण 'लीन' होते. बाहेर घेतली की इंधन वाढते, मिश्रण 'रिच' होते. मिश्रण रिच असेल तर इंजिन घोगऱ्या आवाजात धूर ओकीत चालते. एकेक खटका आत घेत जावे, दर वेळी पाच-सात सेकंद थांबावे, तसतसा घसा साफ होत जातो, आवाज चढतो, फेरे वाढतात. मग अशी एक जागा येते की तेथे आवाज अगदी स्वच्छ, कापरा न आणणारा, जणू तानपुऱ्याची तार जुळल्यासारखा लागतो. माझ्या इंजिनाच्या बाबतीत टॅकोमीटर त्या जागी मिनिटास 9,800 फेरे दाखवितो. याहून अधिक त्याच्याने होत नाही.

आणि नेमक्या याच जागी सुई सोडून द्यावयाची नसते. तेथून ती परत बाहेर घ्यावयाची, फेरे दोन-तीनशेनी उतरेपर्यंत. माझ्या सुईचे ते तीन खटके. जे सर्वोत्तम म्हणून कानांनी आणि यंत्राने एकमुखाने सांगितले, ते हाती आल्यावर मुद्दाम सोडून द्यावयाचे! नवशिक्यास हे फार जड जाते. मलाही गेले होते.

कारणे सरळ आहेत. इंजिन जुळविले जाते ते जमिनीवर, आणि त्याला राबावयाचे असते आकाशात. वर गेल्यावर पंख्यावरचा भार हलका होतो, फेरे वाढतात. विमानाने नाक वर केले की इंधनाला टाकीतून चढ चढून यावे लागते. जसजशी टाकी रिकामी होते, तसतशी इंधनाची पातळी उतरते आणि ओढण्याचे श्रम वाढतात. या प्रत्येक वेळी मिश्रण थोडे थोडे लीन होते, आणि त्या वेळी सुईवर हात ठेवावयास कोणी नसते. काठावर जुळविलेले इंजिन मग काठापलीकडे जाते. मेथॅनॉल वाफ होताना पुष्कळ उष्णता शोषून घेते, म्हणजे इंधन हेच या इंजिनाचे पाणीही आहे. आणि तेल इंधनातूनच येत असल्यामुळे इंधन घटले की वंगणही घटते. एकाच वेळी ताप वाढतो आणि स्निग्धता कमी होते. फोर-स्ट्रोक इंजिन अशा वेळी अकाली पेट घेते, उलटा झटका देते, कधीकधी पंख्याची चाकी सैल होऊन पंखाच उडून जातो. म्हणून जाणते लोक सुई फिरवितात ती पंख्याच्या मागे उभे राहून. पण मला सर्वांत चमत्कारिक वाटते ते हे की, या अनर्थाच्या आधी इंजिन कुरकुरत नाही. ते त्या वेळी आपल्या आयुष्यातील सर्वांत सुरेल आवाज काढीत असते.

असे काही म्हटले की मध्यम मार्गाची आठवण निघणे साहजिक आहे. राजगृहानजीक सोण नावाच्या भिक्षूने चालून चालून पायांतून रक्त काढले, तेव्हा बुद्धाने त्याला त्याच्याच वीणेच्या तारांची आठवण दिली, ही कथा पाली वाङ्मयात आहे. तारा फार ताणल्या तर वाजत नाहीत, सैल सोडल्या तरी वाजत नाहीत. ॲरिस्टॉटलने आणखी एक गोष्ट सांगितली. दहा शेर अन्न फार आणि दोन शेर थोडे, म्हणून सहा शेर सर्वांस बेताचे होईल असे नाही. मायलो मल्लाला ते थोडे पडेल आणि तालमीत नव्याने आलेल्या पोराला फार होईल. दोन्ही दृष्टान्त मला मान्य आहेत. तरी माझ्या इंजिनाचा प्रश्न त्यांनी पुरता सुटत नाही. वीणा जेथे जुळविली जाते तेथेच वाजविली जाते, आणि वाजविणाऱ्याचा हात खुंटीपासून वीतभर अंतरावर असतो. मायलोची भूक रोज दिसते. येथे मात्र जुळणी एका ठिकाणी आणि कसोटी दुसऱ्या ठिकाणी. जे तीन खटके मी मागे घेतो ते दोन टोकांमधला मध्य गाठण्यासाठी नव्हेत. जे अद्याप आलेले नाही आणि आले तर ज्या वेळी माझा हात पोहोचणार नाही, अशा भारासाठी ते राखून ठेवलेले असतात.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. राखून ठेवण्याची ही शिकवण आळशाच्या हाती पडली तर काय होईल? आपल्या कार्यालयांतून असे पुष्कळ सज्जन भेटतात की ज्यांनी उभ्या आयुष्यात शक्ती राखूनच ठेवलेली आहे. रिच चालणारे इंजिनही काही गुणाचे नव्हे. ते धूर ओकते, वेग कमी केला की इंधनात गुदमरते आणि विमान उतरविण्याच्या ऐन वेळी बंद पडते. मग तीन खटके मागे असलेले इंजिन आणि वीस खटके मागे असलेले इंजिन यांत फरक केवळ आकड्याचा का? मला तसे वाटत नाही. पहिले इंजिन शिखरापर्यंत जाऊन, तेथे क्षणभर थांबून, मागे आलेले असते. त्याचे मागे असणे मोजलेले आहे. दुसऱ्याने शिखर पाहिलेलेच नाही. ज्याने आपली सीमा कधी जोखलीच नाही, त्याने 'मी संयमाने वागतो' असे म्हणणे म्हणजे कोऱ्या कागदावर शिल्लक लिहिण्यासारखे आहे. एकदा तरी, थोडा वेळ तरी, काठापर्यंत गेलेच पाहिजे. तेथे राहावयाचे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

येथे टॅकोमीटरविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. हे उपकरण पंख्याच्या पात्यांमुळे होणारी प्रकाशाची उघडझाप मोजते. आमच्या कार्यालयात चोक बसविलेला एक जुना ट्यूबलाइट आहे. एकदा गंमत म्हणून मी टॅकोमीटर त्याच्यासमोर धरला. वीज सेकंदास 50 आवर्तनांची, म्हणून दिवा सेकंदास 100 वेळा लुकलुकतो. दोन पात्यांच्या हिशेबाने उपकरणाने तत्काळ 3,000 फेरे दाखविले. विभागात त्या वेळी चहाची सुट्टी होती. मासिक प्रगतिपत्रके वाचताना मला पुढे अनेकदा त्या दिव्याची आठवण झाली आहे.

बदल्यांनीही एक गोष्ट शिकविली. समुद्रसपाटीलगतच्या कोलकात्यात जुळविलेली सुई शिलाँगच्या माळावर कामाची राहिली नाही. सुमारे 1,500 मीटर उंचीवर हवा शेकडा चौदाच्या आसपास विरळ. प्राणवायू तितका कमी, म्हणून इंधनही कमी लागते. तेच इंजिन, तीच सुई, पण येथे ते घोगरे चालू लागले. माझ्या वहीतले 'अमुक फेरे, अमुक खटके' हे टिपण निरुपयोगी ठरले. शिखर पुन्हा शोधावे लागले. मागे घ्यावयाचे खटके मात्र तीनच राहिले. मुख्यालयात बसून साऱ्या देशासाठी एकच कामाचा दंडक ठरविणाऱ्यांनी एखादा रविवार आमच्या माळावर घालवावा, असे मनात येते. पण ते असो.

आतापर्यंत मी आपल्या शक्तीविषयी बोललो. सुई दुसऱ्याच्या इंजिनाची असेल तर? हाच खरा अवघड भाग आहे, आणि त्याविषयी तटस्थपणे लिहिण्याचा अधिकार मला नाही.

वीसएक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका प्रांतात, निवृत्तिवेतनाची प्रकरणे तपासणारा एक विभाग माझ्याकडे होता. तेथे एक वयस्क साहाय्यक होते. त्या प्रांताचेच, अल्पभाषी, अक्षर मोत्यासारखे. महिन्यास चाळीसएक प्रकरणे ते हातावेगळी करीत. एका मार्च महिन्यात, वर्षअखेरीच्या धांदलीत, त्यांनी सत्तर प्रकरणे उरकली आणि त्यांत एकही चूक निघाली नाही. मला धन्यता वाटली. माणसाची शक्ती आज उघड झाली असे मी मानले आणि एप्रिलपासून विभागाचा दंडक साठ ठरविला. सत्तरहून दहा कमीच ठेवले, असेही त्या वेळी मनाशी म्हटल्याचे आठवते. मी त्यांना बोलावून विचारले, "जमेल ना?" ते म्हणाले, "होईल, साहेब." चार-पाच महिने झालेही. वरिष्ठांकडून शाबासकीचे पत्र आले, ते माझ्या नावे.

सप्टेंबरात एका चौकशीचे जादा काम त्याच विभागावर येऊन पडले. त्याची कल्पना आधी कोणासच नव्हती. दंडक मी कमी केला नाही. केला पाहिजे हे सुचलेही नाही. त्या दिवसांत एका मृत कर्मचाऱ्याच्या सेवेची तारीख वाचण्यात चूक झाली, आणि त्याच्या विधवेचे कुटुंबनिवृत्तिवेतन अकरा महिने अडकून पडले. ती बाई शेवटी स्वतः आली. बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. कागद तोच वाचून दाखवीत होता. तिने तक्रार केली नाही. एवढेच विचारले की, कागद हरवला असेल तर दुसरा कोठून आणावा. ते साहाय्यक दाराशी उभे होते.

नियमाप्रमाणे मी त्यांचे स्पष्टीकरण मागविले. त्यांनी तीन ओळींत सर्व दोष आपल्याकडे घेतला. मी तो मान्य केला, आणि तो कागद त्यांच्या सेवापुस्तकात गेला. दोनएक वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा तो तेथेच होता. माझे शाबासकीचे पत्र माझ्या फायलीत होते. दोन्ही कागद एकाच सुईने लिहिले गेले होते, हे मला फार उशिरा, कोलकात्याच्या मैदानावर, एक इंजिन करपवून बसल्यानंतर कळले.

चूक कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळदा पुष्कळ प्रकारे देऊन पाहिले आहे. त्यांनी 'होणार नाही' म्हणावयास हवे होते, हे खरे. प्रौढ माणसाने आपल्या मर्यादेचा उच्चार करणे हाही प्रामाणिकपणाचा भाग आहे. पण ज्याची बढती, बदली आणि गोपनीय अहवाल समोरच्याच्या लेखणीवर अवलंबून आहेत, त्याच्या 'होईल' या शब्दाला संमती म्हणावे काय? इंजिनाचे नाक वर केले असता आवाज खाली येतो. यंत्राला भिडस्तपणा ठाऊक नाही. माणूस मात्र नाक वर केल्यावरही तोच आवाज काढीत राहतो, आणि मोठ्या कष्टाने राहतो. मी ऐकला तो सुरेल आवाज शक्तीचा नव्हता, तेल संपत आल्याचा होता. आणखी एक गोष्ट मला छळते. मार्चमधले सत्तर हे त्यांनी आपण होऊन दिले होते. त्यांनी आपली राखीव शक्ती प्रसंग ओळखून खर्च केली, आणि तो प्रसंग संपताच तीच त्यांची नित्याची शक्ती म्हणून मी खात्यावर मांडली. जे दान होते त्याला मी देणे ठरविले.

कारण प्रसंग असतात, हे नाकारून चालणार नाही. शर्यतीची विमाने काठावरच जुळवितात. त्यांची शर्यत एक-दोन मिनिटांत संपते. पूर आलेला असताना मदतकार्यावरचा मामलेदार तीन खटके मागे घेऊन बसला तर त्याला कोणी विवेकी म्हणणार नाही. आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई काही राखून ठेवीत नाही. राखलेले असते ते अशाच वेळी उधळण्यासाठी. मात्र ती उधळण ज्याची त्याने करावयाची. दुसऱ्याने त्याच्या वतीने करावयाची म्हटली की त्या शब्दाचा अर्थच पालटतो. आणि ज्याच्या हाती दुसऱ्याची सुई आहे त्याने काय करावे? त्याने शिखर शोधूच नये, असे मला म्हणता येत नाही. तसे केले तर कार्यालये धुरानेच भरून जातील. त्याने कान द्यावा, थांबावे, नाक वर करून पाहावे. मी थांबलो नव्हतो. त्या पाच-सात सेकंदांऐवजी मी पाच महिने घेतले, आणि ते मोजण्यात घालविले, ऐकण्यात नव्हे.

गेल्या मे महिन्यात माझी भाची पुण्याहून सुट्टीला आली होती. कॉलेजात ती एनसीसीच्या हवाई शाखेत आहे. विमानांच्या प्रतिकृतींचे वेड तिला तेथे लागले. रविवारी तिला माळावर नेले. इंजिन तापवून झाल्यावर मी सुई आत घेत गेलो, शिखर आले, आणि सवयीने परत फिरलो.

"मामा, मागे का घेताय?" ती म्हणाली. "किती छान लागला होता आवाज!"

"म्हणूनच."

"पण टॅकोमीटर 9,800 दाखवत होता. जोर आहे तर तो वाया का घालवायचा?"

मी काही बोललो नाही. "तूच बघ," म्हणून बाजूला झालो. ती पंख्याच्या मागे उकिडवी बसली आणि सुई तीन खटके पुन्हा आत घेतली. इंजिन गाऊ लागले. मग मी सांगितले तसे तिने विमान दोन्ही हातांनी घट्ट धरून त्याचे नाक आकाशाकडे केले. तीन-चार सेकंद काही झाले नाही. नंतर आवाज एकाएकी खाली बसला, जणू कोणी त्याचा श्वास धरला. तिने घाईने विमान आडवे केले आणि न सांगता सुई बाहेर घेऊ लागली. मी मोजत होतो. एक, दोन, तीन. ती थांबली, कान दिला, आणि आणखी एक खटका बाहेर घेतला.

"हा चौथा कशाला गं?"

"विमान तुमचं आहे ना," ती म्हणाली.

पश्चिमेकडे ढग जमू लागले होते. आम्ही विमान सोडले. डोंगराच्या काळ्या कडेवर त्याच्या मागे धुराची एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. पहिले थेंब पडण्यापूर्वी ते उतरवून घेतले.